सोमवारचं कोर्ट उघडेपर्यंत

शनिवारी दुपारी कचेऱ्या बंद झाल्या की धाराशिव गाव अंग सैल सोडायचं. कारकून मंडळी भाजीच्या पिशव्या घेऊन घराकडं निघायची, वकील आपापल्या गावी जायचे. आमच्या बालगृहाचे अधीक्षकसाहेब धुवायचे कपडे पिशवीत भरून बार्शीची एसटी धरायचे. जाताना मला हमखास सांगायचे, "काही विशेष नाही बाई. सोमवारी येतोच." त्यांचं ते 'काही विशेष नाही' ऐकलं की मी ओळखायची, आता काहीतरी विशेष घडणार.

मी तिथं सहायक अधीक्षिका होते. निजामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, नुकताच महाराष्ट्र झाला होता, आणि नव्या राज्याचे नवे कायदे आमच्याकडं एकेक करून पोचत होते. कचेरीच्या पाटीवर उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव, असे ते दिवस. माझे यजमान ट्रेझरीत कारकून होते. बालगृहाच्या आवारातच आम्हाला दोन खोल्या होत्या, म्हणून सुट्टीच्या दिवशीची जबाबदारी आपसूक माझ्याकडं आली. त्यांचा रविवार आणि माझा रविवार निवृत्त होईपर्यंत कधी जुळला नाही.

बालगृह म्हणजे काय, हे आजही पुष्कळांना नीट माहीत नसतं. लोकांना वाटायचं, तो पोरांचा तुरुंग आहे. आमच्याकडं जत्रेत चुकलेली मुलं यायची, घरातून पळालेली यायची, आईबाप जेलात गेलेली यायची. हैदराबाद रस्त्यावरच्या एखाद्या ढाब्यावर ट्रकमधून उतरलेलं आणि परत न चढलेलं पोर यायचं. आणि टाकलेली तान्ही बाळं यायची. पोलीस आणून देत, आम्ही सांभाळायचं, आणि कुणाच्या हाती द्यायचं ते कोर्ट ठरवणार. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ कोर्ट बंद. तेवढ्या वेळात आलेलं मूल आहे तसं, आहे तिथं ठेवणं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नव्हतं.

कारण माणसं काही सोमवारची वाट बघून येत नसत. एक गृहस्थ शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या धडधाकट पोराला घेऊन आले. लग्नाला जायचंय, हा तिथं धिंगाणा करतो, दोन दिवस ठेवून घ्या म्हणाले. मी नाही म्हटल्यावर, मग सरकारनं बालगृह काढलंय कशाला, असं मलाच विचारून गेले. तुळजापूरच्या यात्रेत चुकलेला एक मुलगा सख्ख्या बापाला ओळख देईना. बाप रडकुंडीला आला, मी घाबरले. शेवटी कळलं की बापानं यात्रेत मिशा काढल्या होत्या. अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, मीही हसते. पण त्या वेळी, मूल चुकीच्या माणसाच्या हाती गेलं तर, या एकाच विचारानं रात्र रात्र झोप लागायची नाही.

ज्या रविवारची गोष्ट आज सांगायची आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या एका बाळाचा निकाल लागायचा होता. मुलगी होती. नळदुर्गच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर वाकळीत गुंडाळलेली सापडली होती. आमच्याकडं आली तेव्हा चारेक महिन्यांची असेल. आमची आया रसूलबी हिनं तिचं नाव नंदा ठेवलं. रसूलबी मुसलमान, पण आलेल्या प्रत्येक बाळाला ती बाळाच्या तोंडाकडं बघून नाव द्यायची, आणि ते कुणी बदलायचं नाही असा दंडक होता. नंदा दोन महिने आमच्याकडं राहिली. नियमाप्रमाणं कोर्टाच्या फळ्यावर नोटीस लागली, नळदुर्गात आणि आसपासच्या गावांत दवंडी पिटली. कुणी आलं नाही. तुळजापूरच्या एका शिक्षकांनी आणि त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी मुलगी सांभाळायला मागितली होती. लग्नाला बारा वर्षं झालेली, घर स्वच्छ, माणसं शांत. मी स्वतः जाऊन घर बघून आले होते आणि चांगला अहवाल दिला होता. सोमवारी हुकूम होऊन मुलगी त्यांच्याकडं जायची, एवढंच राहिलं होतं.

रविवारी सकाळी मुलांच्या आंघोळी चालल्या होत्या. फाटकाशी एक बाई उभी दिसली. पंचविशीची, अंगावर हिरवं विटकं लुगडं, पायांवर धूळ. आत ये म्हटलं तर येईना. जवळ गेले तेव्हा तिनं विचारलं, "नळदुर्गाची पोरगी हितंच हाय का?"

मी विचारलं, तू तिची कोण? तिनं फाटकाचा गज घट्ट धरला.

इथं मला कायदा थोडा सांगायला हवा, नाहीतर माझी अडचण कळणार नाही. आईनं तान्हं मूल टाकणं हा गुन्हा आहे, आणि त्याला मोठी सजा आहे. म्हणजे 'ही माझी मुलगी' असं ती म्हणाली की त्याच वाक्यात तिनं गुन्हाही कबूल केला. आणि ते माझ्या कानावर पडलं की पोलिसांना कळवणं माझं कर्तव्य. ती बोलली नाही तर सोमवारी मुलगी जाणार, आणि बोलली तर ती स्वतः जाणार. तिला हे सगळं कळत होतं की नाही कोण जाणे, पण ती फाटकाचा गज धरून गप्प उभी राहिली, आणि मीही तिला पुन्हा तोच प्रश्न विचारायला धजले नाही.

मी तिला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला. मग दुसऱ्याच बाजूनं विचारलं. त्या मुलीबरोबर एक वाकळ सापडली होती, ती कशी होती सांगता येईल का? वाकळ मुद्देमाल म्हणून आमच्या कोठीत बांधून ठेवलेली होती, ती बाहेरच्या कुणी पाहिलेली नव्हती.

ती सांगायला लागली. मधी आईच्या इरकलीचा तुकडा हाय, त्याच्या भोवतीनं भावाच्या पटक्याचं लाल. एका कोपऱ्याला पांढरं ठिगळ हाय, ते उलटं बसलंय, कारण ते शिवताना दिवा गेला होता. सांगताना तिची बोटं मांडीवर त्या वाकळीचे टाके घालत होती.

मी कोठीत जाऊन गाठोडं सोडलं. इरकल होतं, लाल होतं. कोपऱ्यातलं पांढरं ठिगळ उलटं होतं. मी तिथं अंधारात बसून राहिले. खरं सांगते, ती खोटं बोलत असती तर मला फार बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर तिनं आपणहून सगळं सांगितलं. तिचं नाव सुंद्रा. अणदूरच्या जवळ तिचं माहेर. नवऱ्यानं सोलापुरात दुसरी बायको केली आणि हिला पोटुशी असताना घालवून दिली. भावानं ठेवून घेतली, पण त्याचीही चार पोरं. त्यानं हिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, एका बिजवराशी ठरवला. बिजवराची अट एकच, पोर नको. सुंद्रा म्हणाली, भावानं तिला टाक असं तोंडानं कधी सांगितलं नाही, फक्त रोज विचारायचा, काय ठरवलंस? मग एक दिवस ती नळदुर्गच्या स्टँडवर गेली. बाळाला बाकड्यावर निजवलं आणि समोरच्या भिंतीआड उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं बाळाला उचललेलं पाहिलं तेव्हाच तिथून हलली. पुढं पाट लागायच्या आदल्या दिवशी तिनं नको म्हणून सांगितलं. भावानं मारलं. आणि परवा गावात पुन्हा दवंडी आली, सोमवारी कोर्ट मुलीचा निकाल देणार म्हणून. ती अणदूरहून निघाली ती तुळजापूरपर्यंत चालत आणि पुढं कुणाच्या बैलगाडीतून धाराशिवला पोचली.

"मला एकदा बघू द्या," म्हणाली. "मग पोलीस बोलवा."

मी नको म्हटलं. नियम तर होताच, पण मला भीती वेगळीच होती. हिनं मुलीला उचलून पळ काढला तर? फाटकावर पहारेकरी नव्हता. आणि दुसरी भीती अशी की एकदा दाखवल्यावर, उद्या कोर्टानं मुलगी दुसऱ्याला दिली तर मी हिच्या तोंडाकडं कशी बघू?

मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, पोलिसांना कळव आणि मोकळी हो. सल्ला बरोबर होता. पण पोलिसांनी रविवारी तिला धरलं असतं तर सोमवारी कोर्टापुढं ती टाकणारी आरोपी म्हणून आली असती, न्यायला आलेली आई म्हणून नाही. अधीक्षकसाहेबांना बार्शीला फोन करावा तर ट्रंक कॉल कलेक्टर कचेरीतून लागायचा, आणि ती बंद. शेवटी दुपारी डोक्यावर पदर घेतला आणि मॅजिस्ट्रेट साहेबांच्या बंगल्यावर गेले.

साहेब बागेत खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या घरी मी पूर्वी कधी गेले नव्हते. मी नाव न सांगता विचारलं, उद्याच्या प्रकरणात कुणी नवीन माणूस उभं राहिलं तर चालेल का? त्यांनी हात वर करून मला थांबवलं. प्रकरण कोर्टात आहे, घरी त्याबद्दल एक अक्षर ऐकणार नाही, म्हणाले. मी परत फिरले. फाटकापाशी पोचले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"बाई, हुकूम देण्याआधी मी नेहमी विचारतो, कुणाचा दावा आहे का. ते काही नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाही." मग म्हणाले, "आणि पोलिसांनी आणलेलं माणूस वेगळं, आपल्या पायांनी आलेलं वेगळं. एवढा फरक मला दिसतो."

तेवढ्यावर मी घरी आले. सुंद्राला सांगितलं, उद्या तू स्वतः उभी राहा, स्वतः सांग. पोलीस नंतर काय ते करतील, पण आधी तुझं म्हणणं साहेबांच्या कानावर जाईल. तिनं विचारलं, मग पोरगी मिळंल का? मी म्हटलं, मला माहीत नाही. तिनं विचारलं, मला आत टाकतील का? तेही मला माहीत नव्हतं. ज्या माणसाला कोर्टात उभं राहायला सांगत होते, त्याला देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं, आणि हे तिलाही दिसत होतं.

संध्याकाळी रसूलबी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "देखने दो ना बाई उसकू. कल क्या होता कौन जाने."

मग मी नंदाला आणायला सांगितलं. फाटकाला कडी घातली आणि मी तिथंच उभी राहिले. सुंद्रानं हात पुढं केले. नंदानं तिच्याकडं पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं रडायला लागली. सुंद्रा तिला घ्यायला गेली तशी ती रसूलबीच्या खांद्याला घट्ट चिकटली. दोन महिन्यांत बाळ आईला विसरतं, हे मी आधी ऐकलं होतं, पाहिलं मात्र त्या दिवशी. सुंद्रानं हात मागं घेतले.

"वळखना मला," एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून बसली. जेवली नाही.

व्हरांड्यात तिला घोंगडी दिली. तिला कोंडून ठेवायचा मला अधिकार नव्हता, आणि मनातून वाटत होतं की आता ही जाणार. मुलीनंच नाकारल्यावर राहील कशाला? ती गेली तर चांगलं की वाईट, हेही मला ठरवता येईना. सकाळी दार उघडलं तर घोंगडी घडी करून ठेवलेली, सुंद्रा नाही. आडावर नाही, परसात नाही. फाटकाची कडी काढलेली होती. कुसुमताईंचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मला वाटलं, जाऊ दे, सुटलो सगळे. पण नंदाला तयार करताना नजर पुन्हा पुन्हा फाटकाकडं जात होती.

नंदाला घेऊन रसूलबी आणि मी कोर्टात गेलो. पायऱ्यांवर सुंद्रा बसली होती. उजाडायच्या आत येऊन बसली होती. उशीर झाला आणि दार बंद झालं तर, म्हणून.

तुळजापूरची मंडळीही आली. कुसुमताईंच्या हातात पिवळं झबलं होतं, त्यांनी स्वतः शिवलेलं. त्यांनी नंदाला घेतलं, आणि ती त्यांच्याकडं रडली नाही, कारण त्या दर आठवड्याला येऊन तिला खेळवून जायच्या. सुंद्रा ते बघत होती.

साहेबांनी कागद वाचले आणि विचारलं, या मुलीवर आणखी कुणाचा दावा आहे का? मी मागं वळून बघितलं नाही. मला वाटतं, माझ्या सबंध नोकरीत तेवढा लांब क्षण दुसरा आला नाही. मग मागून आवाज आला.

"म्या टाकली व्हती तिला. म्याच न्यायला आले."

पुढचं सगळं सांगत बसत नाही. हवालदारानं पुढं येऊन तिचा जबाब घेतला, खटला झाला. वाकळ कोर्टात आली, भावाला बोलावणं गेलं, तो मान खाली घालून आला. साहेबांनी तिला सजा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं आणि मुलगी तिच्या ताब्यात दिली, अट अशी की वर्षभर कुणीतरी देखरेख करावी. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, तुम्ही घेता का जबाबदारी? अधीक्षकसाहेब शेजारी उभे होते. रविवारी त्यांना न विचारता सगळं केलं म्हणून ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. मी हो म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. जिनं एकदा मूल टाकलं तिच्यासाठी मी शब्द देत होते.

पण त्या पहिल्या सोमवारची एक गोष्ट राहिली. साहेबांनी तारीख पुढं ढकलल्यावर कुसुमताई मला व्हरांड्यात भेटल्या. झबलं घडी करून पिशवीत ठेवत होत्या.

"तुम्हाला कालच कळलं होतं?"

मी हो म्हटलं.

"आम्ही सकाळी पाळणा बांधून निघालो."

मी सांगायचा प्रयत्न केला, की कालच निरोप पाठवला असता तर गोष्ट गावभर झाली असती, पोलीस आले असते, घाबरून ती पळून गेली असती.

त्या म्हणाल्या, "आणि आम्ही काही पळून जाणारे नव्हतो, म्हणून आम्हाला नाही कळवलं."

रागानं नाही बोलल्या. रागानं बोलल्या असत्या तर मी इतकी वर्षं ते वाक्य घेऊन फिरले नसते. पुढं त्यांनी दुसरं मूल घेतलं, ते सोलापूरहून. आमच्याकडं त्या पुन्हा आल्या नाहीत.

सुंद्रा दर महिन्याला मुलीला दाखवायला यायची. आठवडाभर ती रोजगारानं शेतात जायची, म्हणून रविवारी. मी नंदाला उचलून बघायची, वजन वाढलंय का, अंगावर कुठं वळ नाही ना. सुंद्राला ते कळत असावं, ती मुकाट्यानं झबलं वर करून दाखवायची. मुलगी आता तिला चिकटलेली असायची. तरी ती फाटकाबाहेर गेली की मला वाटायचं, पुढच्या महिन्यात येईल ना?

एका महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी यजमानांना मुलांवर लक्ष ठेवायला बसवलं आणि तुळजापूरची एसटी धरली, तिथून नळदुर्गाची, आणि मग अणदूरपर्यंत ट्रकवाल्यानं सोडलं. वाटेत नळदुर्गच्या स्टँडवर बाकड्यांकडं बघवेना. सुंद्राच्या भावाच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ती आता भावाकडं राहत नाही, पलीकडच्या मळ्यात असते. मी विचारलं, आणि पोर? पोर काय मला ठाऊक न्हाय बाई, म्हणाली.

मळ्यापर्यंतची वाट मी कशी चालले ते आठवत नाही. ज्वारी खुडायला आली होती, उंच ताटांत पलीकडचं काही दिसेना. बांधावर बाभळीला झोळी बांधलेली होती. झोळी हलत होती. आत नंदा होती, अंगावर गोवराचे सुकलेले डाग.

सुंद्रा विळा हातात घेऊन ज्वारीतून बाहेर आली. मला बघून थबकली. पोरीला गोवर उठला होता, एसटीत कशी आणायची, तुमच्याकडच्या लेकरांना लागला असता, असं तिनं सांगितलं. मग माझ्या पायांकडं बघितलं, घामाघूम तोंडाकडं बघितलं.

"तुमाला वाटलं, म्या परत टाकली."

खोटं बोलता आलं असतं. मी हो म्हटलं.

तिनं विळा बांधावर ठेवला. मग म्हणाली, "मलाबी भ्या वाटतं बाई. रोज वाटतं."

तिनं झोळीतून मुलीला काढून माझ्या मांडीवर दिलं. मी दमलेली दिसत होते, म्हणून घागर घेऊन पाणी आणायला निघाली. विहीर त्या मळ्याच्या पार टोकाला होती. ज्वारीत शिरली आणि दिसेनाशी झाली. नंदा माझ्या बांगड्या ओढत होती. मी बाभळीखाली बसून त्या वाटेकडं बघत राहिले. इतका का वेळ लागावा? विहीर एवढी लांब असते का? ताटं वाऱ्यानं हलली की मी मान उंच करायची. एकदा उठून उभी राहिले, पुन्हा बसले.

मग ज्वारीच्या कणसांवरून आधी घागर दिसली, तिच्याखाली सुंद्राचं डोकं. ती एका हातानं घागर सावरत, भराभर चालत येत होती. नंदानं तिला माझ्याआधी ओळखलं आणि माझ्या मांडीवरून तिच्याकडं दोन्ही हात केले.